लंडनहून एका दिवसात पाहता येईल असं, साहित्याशी नातं असलेलं आणि इमारत म्हणूनही बघण्यासारखं जुनं घर कोणतं?

इमारत म्हणूनही बघण्यासारखं हवं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी डोळे झाकून केंटमधलं नोल सांगेन. सेव्हनओक्स स्टेशनात उतरायचं, पुढे हरणांच्या रानातून चालत जायचं.

आपल्याकडे दोन चौकी वाडा म्हणजे मोठा वाडा. इथे सात चौक आहेत. ३६५ खोल्या आणि ५२ जिने असंही सांगतात, पण त्या मोजणीत अडकू नका. कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधले सर्वोच्च धर्मगुरू, बूर्शिए यांनी १४५६ मध्ये ही जागा घेऊन राजवाड्यासारखं घर उभारलं, पुढे आठव्या हेन्री राजाने ते नंतरचे आर्चबिशप क्रॅनमर यांच्याकडून काढून घेतलं. आज आत जे दिसतं त्यातलं बरंचसं टॉमस सॅकव्हिलने १६०५ ते १६०८ दरम्यान करून घेतलेलं. हा राज्याचा खजिनदार, आणि 'गॉर्बोडक' या इंग्रजीतल्या पहिल्या निर्यमक शोकांतिकेचा सहलेखकसुद्धा! म्हणजे घराला लेखणीचा वारसा तेव्हापासूनचा.

मोठ्या जिन्यावर घाई करू नका. खांबावर सॅकव्हिल घराण्याचा लाकडी बिबट्या ढाल धरून बसलाय, आणि समोरच्या भिंतीवर तोच कठडा नुसत्या रंगांनी उठवलाय. मी तिथे बराच वेळ उभा होतो. पहिल्या जेम्स राजासाठी सजवलेल्या खोलीत तर फरशीखालच्या तुळयांवर सुतारांनी भुताखेतांपासून रक्षण म्हणून कोरलेल्या खुणा सापडल्या. लाकूड १६०५-०६ च्या हिवाळ्यात तोडलेलं, म्हणजे राजासकट संसद उडवण्याचा कट नुकताच फसला होता तेव्हाचं.

पण मला हे घर जवळचं वाटतं ते याच घराण्यातल्या लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टमुळे. १८९२ मध्ये ती इथेच जन्मली. एकुलती एक, तरी मुलगी, त्यामुळे १९२८ मध्ये वडील गेल्यावर घर काकांकडे गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हर्जिनिया वुल्फची 'ऑर्लँडो' ही कादंबरी आली. व्हिटावरून रंगवलेला नायक आधी पुरुष असतो, मग बाई होतो, शतकं ओलांडतो, आणि घर मात्र त्याच्याच, नंतर तिच्याच, हातात राहतं. कायद्याने जे नाकारलं ते मैत्रिणीने कादंबरीत देऊन टाकलं, असंच मी ते वाचतो. वुल्फने व्हिटाला दिलेलं त्याचं हस्तलिखितही आता नोलमध्येच आहे.

कादंबरी आधी वाचून जा. आणि आतल्या खोल्या रोज उघड्या नसतात, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या.