लेकीच्या हक्कासाठी मत मागायला जाऊ का?

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं व्हर्जिनियात, लाउडन काउन्टीत राहतो. मुलगी नोकरीला लागली आहे, तिचं एका मुलीशी लग्न ठरलंय. नोव्हेंबरमध्ये आमच्या राज्यात समलिंगी विवाहाच्या हक्कावर मतदान आहे, त्यासाठी ती शनिवार-रविवार घरोघरी फिरते. "आई, तू पण चल, आपल्या मराठी लोकांशी तू बोल," असं ती म्हणते. मला जावंसं वाटतं. पण मंडळात निम्म्या लोकांना तिच्याबद्दल माहीतही नाही. हे म्हणतात, लग्न कायदेशीर आहेच, मग गावभर बोभाटा कशाला? दीर एच-वन व्हिसावर आहे, त्यालाही मदत करायची आहे. काय करावं?

— एक आई

उत्तर: जा. अगदी निःशंक मनाने जा. मात्र घराबाहेर पाऊल टाकण्याआधी लेकीला एक विचारा: "तुझ्याबद्दल मी कुणाकुणाला, किती सांगू?" ती स्वतः प्रचार करते म्हणजे मंडळातल्या प्रत्येक काकूला तिची गोष्ट कळलेली तिला चालेल, असं गृहीत धरू नका. तिच्या जोडीदाराला आणि त्या घरच्यांनाही विचारा. त्या म्हणतील तेवढंच सांगायचं.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे वळू. लग्न आज कायदेशीर आहे, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. व्हर्जिनियात ऑक्टोबर 2014 पासून आणि 26 जून 2015 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ओबर्गेफेल निकालानंतर सगळ्या 50 राज्यांत. पण 2006 साली व्हर्जिनियाच्या मतदारांनी 57 टक्के मतांनी राज्याच्या घटनेत एक कलम घातलं, की लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री. ते कलम आजही तिथेच आहे. न्यायालयाच्या निकालामुळे त्याचा अंमल होत नाही, इतकंच. 2022 मध्ये गर्भपाताच्या हक्काचा जुना निकाल रद्द झाला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी ओबर्गेफेलचाही फेरविचार व्हावा असं स्वतंत्र मतात लिहिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार एका राज्यात झालेलं लग्न दुसऱ्या राज्याला मानावं लागतं, पण लग्नाचं लायसन्स द्यायला तो कायदा कुठल्याच राज्याला भाग पाडत नाही. व्हर्जिनियाने 2024 मध्ये लायसन्स नाकारू नये असा कायदा केला, हे चांगलंच झालं. तरी साधा कायदा पुढचं विधिमंडळ बदलू शकतं, आणि घटनेतलं कलम पुन्हा लागू झालं तर त्याच्यापुढे साध्या कायद्याचं काही चालत नाही. घटना बदलायची तर प्रस्ताव विधिमंडळात दोनदा मंजूर व्हावा लागतो, मध्ये एक निवडणूक जावी लागते आणि मग लोकांचं मत घेतात. इतक्या पायऱ्या चढून विषय तुमच्या दारापर्यंत आला आहे. हा बोभाटा नाही, बाई, कागद पक्का करून घेण्याचं काम आहे.

यजमानांना लव्हिंग दांपत्याचीही गोष्ट सांगा, कारण ती तुमच्याच राज्यातली आहे. व्हर्जिनियात 1924 च्या कायद्याने गोऱ्या माणसाने गोऱ्याखेरीज कुणाशीही लग्न करणं गुन्हा होता. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. 1958 मध्ये दोघांनी वॉशिंग्टन डीसीत लग्न केलं आणि गावी परतले. काही आठवड्यांनी शेरीफ मध्यरात्री थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. भिंतीवर लग्नाचं सर्टिफिकेट लावलेलं होतं. ते इथे चालत नाही, असं सांगून त्याने दोघांना अटक केली. पुढे 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आज आपल्या मंडळांत कितीतरी घरी जावई किंवा सून अमेरिकन आहे, आणि गणपतीच्या आरतीला ती मंडळी टाळ वाजवत उभी असतात. आधीच्या कुणीतरी भांडण केलं म्हणून हे झालं. मिल्ड्रेडबाईंनी 2007 मध्ये, निकालाला 40 वर्षं झाली तेव्हा, समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या हक्काला उघड पाठिंबा दिला होता. या वेळच्या घटनादुरुस्तीतही, लग्नाचं लायसन्स कशावरून नाकारू नये हे सांगताना, लिंगाबरोबर वंशाचा उल्लेख आहे.

बोलायचं कसं, हे मेन राज्याकडून शिकण्यासारखं आहे. तिथे 2009 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा मतदारांनी जेमतेम 53 टक्क्यांनी रद्द केला. 2012 मध्ये त्याच मतदारांनी जवळपास तेवढ्याच मतांनी लग्नाचा हक्क मंजूर केला. मधल्या तीन वर्षांत कार्यकर्ते दारोदारी गेले, आणि हक्क, फायदे, समानता ही भाषा बाजूला ठेवून प्रेमाबद्दल, एकमेकांना दिलेल्या शब्दाबद्दल बोलले. वाद घालण्यापेक्षा त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं.

म्हणून मैत्रिणीला फोन कराल तेव्हा कलमं-बिलमं सांगू नका. "अगं, आमच्या लेकीचं लग्न ठरलंय. जोडीदार मुलगी आहे. मला कळलं तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. आता दोघी रविवारी येतात, वरणभाताचा कुकर लावतात, एकमेकींवर चिडतात, आपल्यासारखाच संसार चाललाय," असं जे खरं असेल ते सांगा. मग "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच कठीण. ती काहीतरी बोचणारं बोलेल, तिला बोलू द्या. तिच्याही घरात, नात्यात कुणीतरी असतं. पाच मिनिटांनी ती स्वतःच सांगायला लागते.

पोरांच्या शाळेचा प्रश्न हमखास निघेल. कॅलिफोर्नियात 2008 मध्ये प्रपोझिशन 8, म्हणजे समलिंगी विवाहावर बंदी आणणारा प्रस्ताव, त्याच्या समर्थकांनी याच भीतीवर जिंकला. त्यांच्या एका जाहिरातीत छोटी मुलगी आईला सांगते, की राजपुत्राचं राजपुत्राशी लग्न होऊ शकतं असं आज शाळेत शिकले. शेवटच्या आठवड्यांत घरात लहान मुलं असलेले पालक सर्वात जास्त बंदीच्या बाजूला वळले. तेव्हा हा प्रश्न टाळू नका. मतदान लग्नाच्या लायसन्सबद्दल आहे, शाळेच्या अभ्यासक्रमाबद्दल त्यात काही नाही, हे सांगा. भटजींना असं लग्न लावायची सक्ती होईल का, असं कुणी विचारलं तर तेही स्पष्ट करा: धर्मसंस्थांना आणि पुरोहितांना नकार द्यायचा अधिकार दुरुस्तीतच नमूद आहे.

आणि 'यस' म्हणजे काय, हे प्रत्येकाला दोनदा सांगा. 2006 मध्ये व्हर्जिनियात 'यस' म्हणजे बंदी होती, या वेळी 'यस' म्हणजे ती बंदी काढणं. ज्यांना जुनं आठवतं तेच गोंधळतात.

दिरांबद्दल मात्र काटेकोर राहा. एच-वनवरच्या माणसाने मतदार म्हणून नाव नोंदवायचं नाही आणि मत तर मुळीच द्यायचं नाही, त्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. दारावर कुणी क्लिपबोर्ड पुढे केला तरी सही करू नये. पैसेही देऊ नयेत. उमेदवारांना देणगी द्यायला परदेशी नागरिकांना मनाईच आहे आणि अशा मतदानाबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. विनामोबदला मदत, म्हणजे फोन करणं, पत्रकं दुमडणं, सोबतीला चालणं, साधारणपणे चालतं. तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्यावं.

मंडळाचं म्हणाल तर, आपली बहुतेक मंडळं 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेल्या ना-नफा संस्था आहेत. त्यांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. अशा घटनादुरुस्तीला मर्यादेत पाठिंबा देता येतो, पण त्यासाठी कार्यकारिणीत ओढाताण करण्यात दिवस घालवू नका. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, तिथे दोघेजण भांडतील आणि बाकीचे म्यूट करतील. एकेकीशी बोला. व्हर्जिनियात अर्ली व्होटिंग निवडणुकीच्या 45 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, गणपतीच्या धामधुमीत. प्रसादाच्या रांगेत, भांडी घासताना, गाडीपर्यंत सोडायला जाताना जे बोलणं होतं तेच खरं. मतदान केंद्रावर उभ्या राहिलात तर दारापासून 40 फुटांच्या आत प्रचार करता येत नाही, तेवढं पाळा.

भारतातल्या नातेवाइकांना आत्ता समजावत बसू नका. तिथे 2018 मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून सुटका झाली, पण ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ते बोलणं लांबचं आहे आणि त्यांचं इथे मत नाही. तुमची शक्ती इथे लागणार आहे.

यजमानांना ओढून नेऊ नका. माणूस विरोधात नाही, घाबरलाय, आणि पुरुषमंडळींना घाबरलोय म्हणता येत नाही. तुम्ही आणि लेक दारं वाजवा, त्यांना गाडी चालवायला सांगा. वस्तीच्या कोपऱ्यावर थांबतील, पाण्याच्या बाटल्या देतील, यादीतले पत्ते वाचून दाखवतील. त्यांना बोलावंसं वाटलं, तर क्रिकेटच्या ग्रुपमधले त्यांचे मित्र आहेतच. त्यांना तुमचा फोन चालणार नाही, त्यांचाच लागेल.