आधी शटर मोज

मित्रा,

पेन्टॅक्स के1000, ऑलिम्पस ओएम-1 आणि निकॉन एफएम2 अशी जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची तीन नावं पाठवलीस आणि खाली विचारलंस, ‘यातला सगळ्यात चांगला कोणता?’ तिन्ही चांगले. तिन्हींची शटरं, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणारे पडदे, बॅटरीशिवाय चालतात, बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. पण तू विकत घेणार आहेस ते मॉडेल नाही. पंचवीस ते पन्नास वर्षं कुणाकुणाच्या हाताखालून गेलेलं एक विशिष्ट यंत्र तू घेणार आहेस. त्याचं शटर मोजल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हे वाक्य या पत्रात अजून दोन-तीनदा येईल, सहन कर.

फरक समजून घे, म्हणजे काय मोजायचं ते कळेल. के1000 आणि ओएम-1 मध्ये रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आडवे धावतात. फ्रेमची 36 मिलिमीटर लांबी त्यांना ओलांडायची असते. 1/60 सेकंदापर्यंत पहिला पडदा पूर्ण उघडतो आणि मग दुसरा निघतो. त्यापुढे दुसरा लवकर निघतो आणि फ्रेमवरून फक्त एक फट सरकते. 1/1000 ला ती जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची असते. म्हणून दोन्हींचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जास्त वेग, 1/60. एफएम2 मध्ये धातूची पाती उभी धावतात, अंतर 24 मिलिमीटर. 1982 च्या पहिल्या आवृत्तीत सिंक 1/200 होता, पुढे 1/250 झाला. वरचा वेग 1/4000. सुरुवातीची पाती टायटॅनियमची, त्यांवर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. नंतर अ‍ॅल्युमिनियमची आली.

हे आकडे कामाचे कधी? भर दुपारी, आयएसओ 100 (फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) फिल्मवर, एफ/16 ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, लहान तितकं छिद्र मोठं) 1/125 लागतो. तेच एक्स्पोजर एफ/2.8 ला हवं असेल तर 1/4000. के1000 चा वरचा वेग 1/1000, तो तुला एफ/5.6 ला थांबवणार. त्याच उन्हात चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा तर 1/60 ला एफ/22 लागेल, 1/250 ला एफ/11. म्हणजे 1/60 ला तेवढ्याच अंतरावर चौपट ताकदीचा फ्लॅश हवा. तू उन्हात उघड्या लेन्सने पोर्ट्रेट काढणार नसशील, तर एफएम2 चे जास्तीचे पैसे फिल्मवर घाल. इथे माझा तुलनेतला रस संपला.

आता दुकानात काय करायचं. लेन्स काढ, मागचं दार उघड, यंत्र खिडकीकडे धर. ट्यूबलाइट किंवा एलईडी नको, त्यांचा प्रकाश थरथरतो आणि फसवतो. पहिल्यांदा एक सेकंद लाव. मंद वेग घड्याळासारख्या दातेरी चाकांवर चालतात. त्यांची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी हवी. मध्येच अडखळली किंवा पडदा उघडा राहिला, तर आत तेल घट्ट झालंय. मग फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घे. 1/15 ला प्रकाश सोळा फ्रेम दिसला पाहिजे, 1/30 ला आठ. आठाच्या जागी बारा आल्या, तर अर्ध्या स्टॉपहून जास्त चूक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). निगेटिव्ह फिल्म पोटात घालेल, स्लाइड फिल्म नाही.

‘आवाज मस्त आहे’ असं दुकानदार म्हणेल. आवाजावर जाऊ नकोस. 1/1000 आणि 1/500 मधला फरक कुठल्याही कानाला कळत नाही, मलाही नाही.

वरच्या वेगांसाठी एक रोल खर्च कर. उन्हातली एकरंगी भिंत, आयएसओ 100, चार फ्रेम: 1/125 ला एफ/16, 1/250 ला एफ/11, 1/500 ला एफ/8, 1/1000 ला एफ/5.6. निगेटिव्हवर चारही सारख्या दाट दिसल्या पाहिजेत. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात 1/1000 ची फ्रेम एका कडेकडे विरळ होत गेली, तर पहिला पडदा रेंगाळतोय, दुसरा त्याला गाठतोय आणि फट मिटत चाललीय. याच ठिकाणी वाईट कारागीर स्प्रिंगचा ताण वाढवून देतो. दोन महिने छान चालतं. आधी रुळांची जुनी घाण साफ करायला हवी, मग तेलाचा अगदी बारीक थेंब, आणि ताण सगळ्यात शेवटी, मोजून. सर्व्हिसिंगनंतर प्रत्येक वेगाचे आकडे लिहून माग. आकडे न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

फोमच्या पट्ट्याही बघ. दाराच्या खाचेतला आणि आरशावरचा फोम काळ्या डांबरासारखा होतो, आणि त्याचे कण एफएम2 च्या पात्यांवर चिकटले की पाती अडकतात. त्या पात्यांना बोट लावायचं नाही, फिल्म भरताना तिचं टोकही लागू द्यायचं नाही. डब्ल्यूडी-40 चा फवारा तर अजिबात नको, ते तेल पसरत पात्यांवर येतं. ओएम-1 घेतलास तर त्याचा मीटर 1.35 व्होल्टच्या पारा-सेलसाठी होता. तो सेल आता मिळत नाही. श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर सेल जवळपास बसतो. पण मीटर चुकला तर हातातला वेगळा मीटर वापरता येतो. शटर चुकलं तर काय वापरशील?

लोक म्हणतात मी संशयी आहे, कॅमेऱ्याचा आनंद घ्यायच्या ऐवजी आकडे मांडत बसतो. म्हणोत. फोटो बिघडला की फिल्मला, लॅबला, स्वतःच्या डोळ्याला दोष देण्यात वर्षं जातात, आणि चूक असते वेगाच्या तबकडीवरच्या 500 ची (म्हणजे 1/500), जो प्रत्यक्षात 300 असतो. गंमत म्हणजे तो 300 रोज 300 च राहिला तर माझी तक्रार नाही, तेवढं एक्स्पोजर आपण बदलून घेऊ. पण ते कळायला मोजावं लागतं.

घेतल्यावर पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कोंडू नकोस, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेव. ठेवताना शटर चढवलेलं नको. महिन्यातून एकदा सगळे वेग दोन-दोनदा चालव.

त्या भिंतीच्या चार फ्रेम धुऊन आल्या की निगेटिव्हची पट्टी न कापता तिचा फोटो पाठव. तोवर दुकानदाराला होकार देऊ नकोस, बयाणाही नको.