मुलाखतीआधी एक्सेलची तयारी

अर्जात ‘एक्सेलमध्ये प्रवीण’ असे लिहून झालेच आहे, तर उरलेले दिवस सगळी सूत्रे पाठ करण्यात घालवू नका. व्हीलूकअप (यादीतून जुळणारे मूल्य शोधून आणणारे सूत्र), समइफ्स (दिलेल्या अटींत बसणाऱ्या आकड्यांची बेरीज करणारे सूत्र) आणि पिव्होट टेबल (माहितीचा गटवार सारांश मांडणारा तक्ता) यांवर हात बसवा, कारण प्रात्यक्षिक चाचणीत बहुधा यांचाच कस लागतो. व्हीलूकअपचा चौथा घटक दिलाच नाही, तर एक्सेल अंदाजे जुळणारे मूल्य शोधते आणि यादी चढत्या क्रमाने नसल्यास चुकीचे उत्तरही बिनदिक्कत समोर ठेवू शकते. म्हणून नेमके जुळणारेच मूल्य शोधले जावे यासाठी तेथे फॉल्स (FALSE) लिहिण्याची सवय लावा. सूत्र खाली ओढताना त्यातला सेलचा (चौकटीचा) संदर्भ सरकू नये यासाठी डॉलरचे चिन्ह कोठे द्यायचे, हेही स्वतः करून पाहा. मॅक्रोविषयी (तीच ती कामे आपोआप करून घेणाऱ्या आज्ञांच्या संचाविषयी) विचारले आणि ते येत नसेल, तर येत नाही असे सरळ सांगा. तेथे मारलेली थाप पुढच्याच प्रश्नाला उघडी पडते.