अमेरिकेतलं ‘फॉर द पीपल’ विधेयक बहुमत असूनही का अडकलं?

हे विधेयक डेमोक्रॅटिक पक्षाने निवडणूक सुधारणांसाठी आणलं होतं. ते अडकलं, कारण थोडक्यात सांगायचं तर, सिनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात) साधं बहुमत पुरत नाही. चर्चा सुरू करायची किंवा ती थांबवून विधेयक मतदानाला आणायचं तर १०० पैकी ६० मतं लागतात, यालाच फिलिबस्टरची अडचण म्हणतात. मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने हे विधेयक २२० विरुद्ध २१० ने मंजूर केलं. २२ जूनला सिनेटमध्ये ५०-५० झालं आणि चर्चासुद्धा सुरू होऊ शकली नाही. (२०१९ मध्येही ते प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं, पण तेव्हा सिनेटमधले बहुमताचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी ते मतदानाला घेतलंच नाही.)

आता त्यात होतं काय? आपल्याकडे मतदार यादीसाठी बीएलओ (मतदान केंद्राचा अधिकारी) दारात येतो. तिथे नोंदणी बहुतांशी मतदारानेच करायची. म्हणून सरकारी खात्यांकडच्या नोंदींवरून आपोआप मतदार नोंदणी, किमान १५ दिवस आधीपासून मतदान आणि मतदारसंघ आखायला स्वतंत्र आयोग. पैशाच्या बाबतीत, उमेदवाराला मिळालेल्या २०० डॉलरपर्यंतच्या देणगीवर सरकारकडून सहापट रकमेची जोड आणि मोठ्या गुप्त देणगीदारांची नावं उघड करणं. शिवाय राष्ट्राध्यक्षांनी आयकर विवरणपत्रं जाहीर करायची, सर्वोच्च न्यायालयाला आचारसंहिता.

रिपब्लिकनांचा आक्षेप होता की निवडणुका हा राज्यांचा विषय, केंद्राने त्यात नाक खुपसू नये. माझ्या मते मात्र एकाच विधेयकात इतकं कोंबणं हीच चूक होती. नंतर कापूनछाटून ‘फ्रीडम टू व्होट’ विधेयक आणलं, तेही जानेवारी २०२२ मध्ये तिथेच अडलं, कारण जो मॅन्चिन आणि कर्स्टन सिनेमा हे दोन डेमोक्रॅट सिनेटर ६० मतांचा नियम बदलायला तयार नव्हते.