ट्रेनिंग झालं, आता लाइनवर बघा

महापेच्या कारखान्यात ट्रेनिंगचं काम नुकतंच हाती आलंय ना, मग फीडबॅक फॉर्मवरच्या पाचपैकी पाचला भुलू नका. जेवण चांगलं असलं की मार्क मिळतातच! ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे तपासायला अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, कंपनीला फायदा झाला का. नवखे पहिलीवरच थांबतात. तुम्ही तिसरी धरा.

– आधी सुपरवायझरला गाठा. "तिकडचं तिकडे, इथे माल काढ" असं तो म्हणाला, की सगळं पाण्यात.
– शिकलेलं काम त्याच आठवड्यात हातात द्या.
– महिन्याभराने स्वतः लाइनवर जा. उदाहरणार्थ, शिकवल्याप्रमाणे मशीन उघडण्याआधी ऑपरेटर मेन स्विचला कुलूप लावतो का, ते बघा. हजेरीपटावरची सही हा पुरावा नव्हे.

चौथ्या पायरीचा हिशेब सध्या राहू द्या.