कोकणात एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरी का आटतात?

रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावरच्या, वाड्यांना टँकर लागतो. कारण आपल्या पायाखालच्या जांभ्यात, म्हणजे लालसर सच्छिद्र दगडात, आहे.

चिरेखाणीतला जांभ्याचा ताजा चिरा हातात घेऊन बघा. सगळा भोकाभोकांचा, वरून तांब्याभर पाणी ओतलंत तर बरंचसं आत शिरतं. सड्यावरचा पाऊस असाच आत उतरतो. पण जांभ्याखाली शेडीचा थर असतो, पांढरट-गुलाबी, चिकट माती. तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून ते आडवं सरकत उताराकडे निघतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. तिथून व्हाळ (ओढा), खाडी, समुद्र. जांभा पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडतो. दिवाळीत भरून वाहणारे झरे होळीपर्यंत बारीक होतात ते म्हणूनच.

जमिनीखाली नद्या वाहतात असं बरेच जण समजतात. तसं नसतं हो, पाणी दगडाच्या छिद्रांत आणि भेगांतच मुरलेलं असतं. म्हणून सड्यावर खोल बोअर मारण्याची घाई करू नका. खालचा काळा कातळ घट्ट असतो, भेग लागली तरच पाणी.

किनाऱ्यालगत तर फारच जपा. तिथे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पंपाने पातळी एक मीटर उतरवली की खालचं खारं पाणी साधारण 40 मीटर वर चढू शकतं, आणि एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला वर्षं लागतात.