लग्नात नऊवारीवर आणि रिसेप्शनच्या घागऱ्यावर पायात काय घालावं?

मे महिन्यात सोलापुरात लग्न, दुपारी नऊवारी, संध्याकाळी घागरा. तुझी उंची ५ फूट, नवरा ५ फूट ११ इंच. तर ४ इंची हिल घ्यावी की कोल्हापुरी चालेल, असा तुझा प्रश्न. (माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तू लहानच असणार, म्हणून अगं-तुगं करते.)

किती इंच ते नंतर बघू. आधी सँडल घे आणि मगच घागरा शिवायला टाक. मी नेमकं उलटं केलं. घागरा शिवून आला, मग लग्नाच्या चार दिवस आधी भर दुपारी नवी पेठेत जाऊन सोनेरी हिल्स घेतल्या. दुकानात छान बसल्या. रिसेप्शनला तासाभरातच पट्टे पायात रुतायला लागले, कारण दिवसभर उभं राहून आणि उन्हाने पाय सुजले होते. शेवटी स्टेजवरच सँडल काढल्या. पण घागरा त्या हिलच्या मापाने शिवलेला, तो लगेच जमिनीवर लोळायला लागला. जेवायला उतरताना काठावर पाय पडला आणि सासूबाईंनी दंड धरला नसता तर मी पायरीवरून खालीच गेले असते. त्या रात्रीचे माझे निम्मे फोटो ओठ आवळलेले आहेत. तुझे तसे येऊ नयेत, एवढ्यासाठी हे सगळं लिहितेय.

दुपारचं सोपं आहे. गौरीहर, अंतरपाट, होम, सप्तपदी सगळं अनवाणीच. चप्पल लागते ती खोलीतून मांडवापर्यंत. पण साडेबाराचा मुहूर्त असेल तर कार्यालयाच्या अंगणातली फरशी अशी तापलेली असते की दहा पावलंसुद्धा चालवत नाही, तेव्हा पटकन सरकवता येईल अशीच हवी. नऊवारी घोट्याशी संपते, पाऊल पूर्ण दिसतं, त्यावर कोल्हापुरीसारखं दुसरं काही शोभत नाही. नावात कोल्हापूर असलं तरी २०१९ साली या चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सोलापूर जिल्हाही आहे. तेव्हा ती आपलीही म्हण. घेताना उलटी करून बघ. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवतात, खिळे मारत नाहीत.

मात्र नवी कोल्हापुरी लागते, आणि चांगलीच लागते. महिनाभर आधी घे, पट्ट्यांना आतून खोबरेल चोळ आणि रोज संध्याकाळी अर्धा तास घरात घालून फिर. पाण्यात मात्र भिजवू नकोस, चामडं कडक होतं.

आता जोडवी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लग्नात जोडवी चढली की तुझं पाऊल सकाळच्यासारखं राहत नाही. पुढून निमुळत्या बंद बुटात ती शेजारच्या बोटात रुततात. कोल्हापुरीचा अंगठाही कधी कधी जोडव्याला घासतो. म्हणून सँडल बघायला जाताना आईची किंवा वहिनीची जोडवी घालून जा. सोबतच्या मैत्रिणी हसतील, हसू देत.

रिसेप्शनसाठी ४ इंची टोकदार हिल नको. दोन-तीन तास उभं राहायचं असतं, वाकून वाकून नमस्कार करायचे असतात, आणि लॉनवर कार्यक्रम असेल तर टोक मातीत घुसतं. ब्लॉक हिल घे. पुढून १ इंच जाड तळवा आणि मागे ३ इंच अशी असेल तर उंची ३ इंचांनी वाढते, पण पायाला चढ २ इंचांचाच पडतो. मागे पट्टा हवा, आणि तो सैल करता यायला हवा. ११ इंचांचा फरक कुठल्याच हिलने भरून निघणार नाही आणि भरायची गरजही नाही. उलट तू मोकळी उभी राहिलीस तर फोटोत जास्त देखणी दिसशील, हे मी स्वतःच्या अल्बमकडे बघून सांगतेय.

खरेदीला संध्याकाळी सहानंतर जा, दिवसभराच्या राबत्याने पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा. पहिल्यांदा टेलरकडे माप द्यायला जाशील तेव्हा तीच सँडल घालून सरळ उभी राहा आणि काठ जमिनीपासून बोटभर वर ठेवायला सांग.

आणि मांडवाबाहेरच्या चपलांच्या ढिगात तुझी जोडी टाकू नकोस. नवऱ्याचे जोडे पळवायच्या गडबडीत नवरीच्या कुठे जातात कळत नाही. एका कापडी पिशवीत घालून करवलीच्या हातात दे, आणि त्याच पिशवीत एक जुनी, मऊ, सपाट चप्पल व चिकटपट्ट्याही ठेव. वरातीच्या वेळी तीच घालशील.